जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून पेटंट क्षेत्राकडे: पुण्यातील संशोधकांसाठी मार्गदर्शक

पुण्यात जनुकशास्त्रात पीएचडी पूर्ण करून मी पेटंटच्या कामाकडे वळले, तेव्हा या वाटेची नीट माहिती देणारे माझ्या ओळखीत कोणीच नव्हते. मार्गदर्शकांना वाटले की मी संशोधन सोडते आहे, घरच्यांना वाटले की मी वकील होते आहे, आणि यांपैकी नेमके खरे काय ते मलाही सांगता येत नव्हते. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर, विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आघारकर संशोधन संस्था अशा ठिकाणांहून दरवर्षी अनेक तरुण संशोधक बाहेर पडतात आणि त्यांतील काही जण हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना मी जे तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी पदाचे नाव समजून घ्या

भारतीय कायद्यात 'पेटंट अॅटर्नी' असे स्वतंत्र पद नाही. पेटंट कायदा, १९७० मध्ये आहे तो 'पेटंट एजंट'. ज्याचे नाव पेटंट कार्यालयाच्या नोंदवहीत आहे, तो नियंत्रकापुढे (अर्जावर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे) अर्जदाराची बाजू मांडू शकतो आणि अर्जाची कागदपत्रे तयार करू शकतो. बोलताना लोक 'पेटंट अॅटर्नी' म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पेटंट एजंट असलेला वकील असतो.

पात्रतेच्या अटी कलम १२६ मध्ये आहेत. भारतीय नागरिकत्व, पूर्ण झालेली २१ वर्षे, आणि विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञान यांतील भारतातील विद्यापीठाची पदवी एवढे असले की पात्रता परीक्षेला बसता येते. पेटंट कार्यालयात एक्झामिनर (अर्जाचे परीक्षण करणारा अधिकारी) किंवा नियंत्रक म्हणून किमान १० वर्षे काम केलेल्यांना परीक्षेची गरज नसते. यात पीएचडीची अट कोठेही नाही, याकडे विशेष लक्ष द्या, कारण 'आधी पीएचडी होऊ दे, मग बघू' या विचारात दोन-तीन वर्षे घालवलेले लोक मी पाहिले आहेत. पीएचडीचा उपयोग नक्की होतो. समोर बसलेला शास्त्रज्ञ कोणता प्रयोग करायचा राहिला आहे हे न सांगताही तुम्हाला कळते. मात्र पीएचडी ही परवान्याची अट नाही.

२. प्रयोगशाळा सोडण्यापूर्वी स्वतःची परीक्षा घ्या

तुमच्याच विषयातील एक मंजूर झालेले पेटंट उघडा, पूर्ण वाचा आणि शेवटच्या क्लेमपर्यंत (क्लेम म्हणजे हक्काची हद्द आखणारे वाक्य) पोहोचल्यावर स्वतःला विचारा की याच विषयावरचा शोधनिबंध वाचताना जी उत्सुकता वाटते, ती येथे वाटली का. या कामात दिवसाचे सहा-सात तास वाचन आणि लेखन असते. पिपेट हातात येत नाही, स्वतःचा प्रयोग नसतो आणि निकालाची वाट महिनोन्महिने पाहावी लागते. ज्यांना हाताने प्रयोग करण्यातच आनंद मिळतो, त्यांना हे काम कोरडे वाटते, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो.

या टप्प्यावर खर्च करू नका. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या अकादमीचा बौद्धिक संपदेवरील प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम विनामूल्य आहे. सुरुवातीला तो पुरतो. पदविका नंतर करता येते, आणि केवळ पदविकेवर नोकरी मिळेल असे समजू नये.

३. कायदा वाचा, आणि कलम ३ जनुकशास्त्रज्ञाच्या नजरेने वाचा

कायद्याचे आणि २००३ च्या नियमांचे मूळ पुस्तक विकत घ्या. ते अद्ययावत आवृत्तीचेच असावे, कारण २०२४ मध्ये नियमांत मोठे बदल झाले. परीक्षणाची विनंती करण्याची मुदत पूर्वी ४८ महिने होती, ती आता ३१ महिने आहे. जुन्या नोट्सवर विसंबून राहणाऱ्यांची चूक येथेच होते.

जनुकशास्त्राच्या विद्यार्थ्याने सर्वाधिक वेळ कलम ३ ला द्यावा. कोणत्या गोष्टींना 'शोध' (इन्व्हेन्शन) मानले जात नाही, ते या कलमात सांगितले आहे, आणि आपल्या विषयातील निम्म्या कल्पना येथे येऊन अडखळतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सोलापूरकडच्या एका शाळू ज्वारीत, पाण्याचा ताण सहन करण्यास मदत करणारे जनुक तुम्हाला सापडले आहे. पेटंट कशाकशाचे मागता येईल?

ते जनुक ज्वारीत निसर्गतः आहे, म्हणून ते नुसते वेगळे काढून मागितले तर कलम ३(सी) पुढे येते: निसर्गात असलेल्या सजीवाचा किंवा निर्जीव पदार्थाचा शोध लागणे हे पेटंटयोग्य नाही. हे जनुक घातलेले रोप, त्याचे बियाणे किंवा त्याचा कोणताही भाग मागितला तर ३(जे) आड येते; वनस्पती आणि प्राणी, बियाणे, वाण, तसेच त्यांच्या उत्पादनाच्या मूलतः जैविक प्रक्रिया तेथे वगळल्या आहेत, मात्र सूक्ष्मजीवांना त्या वगळणुकीतून बाहेर ठेवले आहे. हे वाण कमी पाण्यात कसे पेरावे ही पद्धत मागितली तर ३(एच), म्हणजे शेतीची पद्धत. मग उरते काय? मानवी हस्तक्षेपाने तयार केलेला पुनर्संयोजित डीएनए संच, तो वाहून नेणारा व्हेक्टर, त्याने रूपांतरित केलेला जिवाणू, ते जनुक ओळखण्यासाठी तयार केलेले प्रायमर आणि त्यांचे किट, प्रयोगशाळेत जनुक पेशीत घालण्याची ठोस टप्प्यांची प्रक्रिया. यांतील प्रत्येकावर नावीन्याचे आणि कल्पकतेचे आक्षेप येतीलच, परंतु निदान चर्चा करायला जागा आहे. तयार झालेल्या वाणासाठी २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याची वेगळी वाट आहे, हेही अशिलाला सांगणे आपले काम आहे.

हा सगळा विचार पहिल्या भेटीतच, शास्त्रज्ञ समोर बसलेला असताना करता आला पाहिजे. तो येतो 'जनुक सापडले' असे म्हणत. त्याला नेमके काय मागता येईल, हे तुम्ही सांगायचे असते.

सोबत काही निकाल वाचा. अमेरिकेत १९८० मध्ये डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल विघटित करणाऱ्या जिवाणूच्या खटल्यात मानवनिर्मित सूक्ष्मजीवाला पेटंट मिळू शकते असे ठरले, तर २०१३ मध्ये मिरियड खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निसर्गातील डीएनए केवळ वेगळा काढला म्हणून पेटंटयोग्य होत नाही, मात्र प्रयोगशाळेत तयार केलेला सीडीएनए होऊ शकतो. आपल्याकडे २००२ चा कलकत्ता उच्च न्यायालयाचा दिमिनाको निकाल महत्त्वाचा आहे: कोंबड्यांच्या लशीच्या प्रक्रियेतून तयार होणारे अंतिम उत्पादन सजीव आहे एवढ्यावरून त्या प्रक्रियेला पेटंट नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. नोव्हार्टिसचा २०१३ चा आणि मोन्सँटो विरुद्ध नुजिवीडू यांतील २०१९ चा, असे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकालही मुळातून वाचा. त्यांचे सारांश वाचून भागत नाही. युक्तिवाद कसा बांधला आहे ते मूळ निकालातच दिसते. आणि भारतीय पेटंट कार्यालयाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेली जैवतंत्रज्ञान अर्जांच्या परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे तर टेबलावर कायम असावीत.

४. क्लेम लिहिण्याचा सराव घरातल्या वस्तूंवर करा

संशोधकाला सर्वांत कठीण जाणारा भाग हाच आहे. शोधनिबंधात आपण घडले ते सांगतो: कोणता जिवाणू, कोणते तापमान, किती मिनिटे. क्लेममध्ये मात्र दुसऱ्याने कोठपर्यंत येऊ नये, ती हद्द आखायची असते. प्रत्येक जादा शब्दाने ती हद्द आत सरकते.

मला हे अडकित्त्यावरून समजले. माझा पहिला क्लेम असा होता: 'दोन लोखंडी भुजा, त्या जोडणारा खिळा आणि वरच्या भुजेला धारदार पाते असलेला अडकित्ता.' आमच्या वरिष्ठ बाईंनी विचारले, 'आणि पितळी भुजांचा अडकित्ता केला तर? खिळ्याऐवजी स्क्रू वापरला तर?' मग मी 'लोखंडी' काढले, 'खिळा' काढला आणि उत्साहाच्या भरात पातेही काढले. त्यावर त्या म्हणाल्या, 'आता हा चिमटा झाला, आणि चिमटा तर आधीपासून आहेच.' शेवटी क्लेम असा झाला: 'सुपारी कातरण्याचे साधन, ज्यात पहिली भुजा, तिच्या एका टोकाशी फिरू शकेल अशी जोडलेली दुसरी भुजा आणि दुसऱ्या भुजेच्या, पहिल्या भुजेसमोर येणाऱ्या कडेवर असलेले पाते यांचा समावेश आहे.' लोखंड, पितळ, खिळा आणि स्क्रू हे सगळे पुढच्या, अवलंबून असलेल्या क्लेममध्ये गेले.

आता हेच तुमच्या विषयाला लावा. 'ई. कोलाय' लिहिले तर यीस्ट वापरणारा सुटतो. 'यजमान पेशी' लिहिले, पण प्रयोग एकाच जिवाणूवर केला असेल, तर एवढ्या विस्ताराला आधार कोठे आहे, असे एक्झामिनर विचारतो. 'या अनुक्रमाशी किमान ९० टक्के साम्य असलेला' असे म्हणताना, उरलेले दहा टक्के बदलूनही प्रथिन काम करते याचा पुरावा स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातील शोधाच्या लेखी वर्णनात) आहे का, हे पाहावे लागते. कलम १०(५) प्रमाणे क्लेमला वर्णनाचा रास्त आधार हवा. रोज एक वस्तू घ्या, तीन क्लेम लिहा आणि कोणाला तरी त्यातून पळवाट शोधायला सांगा. परीक्षेतही तुमच्या विषयाबाहेरचे, यंत्रांचे शोध येतात. तेव्हा हा सराव दुहेरी उपयोगी पडतो.

५. आधीची पेटंटे आणि माहिती शोधण्याची साधने

भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाची इनपास ही सेवा आहे; जगभरातील दस्तऐवजांसाठी पेटंटस्कोप, एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स. वर्गीकरणांतील सी१२एन १५ हा जनुक अभियांत्रिकीचा, सी१२क्यू १/६८ हा न्यूक्लिक आम्ल चाचण्यांचा आणि ए०१एच हा वनस्पतींचा गट सुरुवातीलाच ओळखीचा करून घ्या. अनुक्रमाने शोध घ्यायचा तर ब्लास्ट या अनुक्रम जुळवून पाहणाऱ्या साधनात पेटंटमधील अनुक्रमांचा संच निवडता येतो. शोधनिबंध विसरू नका. आपल्या विषयात पेटंटला हाणून पाडणारे पूर्वज्ञान (आधीच प्रसिद्ध असलेली माहिती) बहुधा नियतकालिकांत सापडते.

६. परीक्षा आणि कागदपत्रे

परीक्षेत १०० गुणांची पहिली प्रश्नपत्रिका कायदा आणि नियमांवर, १०० गुणांची दुसरी स्पेसिफिकेशन लिहिणे व त्यांचा अर्थ लावणे यावर, आणि ५० गुणांची तोंडी परीक्षा असते. दोन्ही लेखी प्रश्नपत्रिकांत किमान ५० गुण आणि एकूण ६० टक्के, म्हणजे २५० पैकी १५०, असावे लागतात. दोन्हीकडे काठावरचे ५०-५० मिळवले, तर तोंडी परीक्षेत पूर्ण ५० मिळाल्याशिवाय भागत नाही, हा हिशेब अनेकांच्या ध्यानात येत नाही. ही परीक्षा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात होतेच असे नाही, म्हणून अधिसूचना आली की मग अभ्यास सुरू करू, असे धोरण ठेवू नका. तपशील त्या-त्या वेळच्या अधिसूचनेतूनच पाहावा.

पुढील कागद आधीच जमवून ठेवा:

• विज्ञान पदवीचे पदवीदान प्रमाणपत्र. केवळ गुणपत्रिकेवर विसंबू नका. विद्यापीठातून प्रमाणपत्र काढायला वेळ लागतो.
• जन्मतारखेचा आणि नागरिकत्वाचा पुरावा. पासपोर्ट असल्यास सोपे जाते.
• छायाचित्र असलेले ओळखपत्र.
• नावात बदल असल्यास शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत. पदवी माहेरच्या नावावर आणि आधार सासरच्या नावावर असलेल्या मैत्रिणींनी हे काम सर्वांत आधी उरकावे. माझे दोन महिने यातच गेले.

उत्तीर्ण झाल्यावर नोंदणीसाठी फॉर्म २२ भरावा लागतो. पेटंट एजंटला सर्व कागद ऑनलाइनच दाखल करावे लागतात, म्हणून डिजिटल स्वाक्षरी घ्यावी लागते. नाव नोंदवहीत टिकवण्यासाठीचे शुल्कही वेळेवर भरत राहा.

७. पुण्यात पहिली नोकरी

पुण्यात साधारण चार प्रकारची कामे मिळतात: पेटंट लॉ फर्ममधील मसुदालेखन, परदेशी अशिलांसाठी पेटंटशोध करणाऱ्या कंपन्या, औषध व लस कंपन्यांचे बौद्धिक संपदा विभाग, आणि संशोधन संस्था व इन्क्युबेटर यांतील तंत्रज्ञान हस्तांतरणाचे काम. परीक्षा होण्यापूर्वीही यांत प्रवेश मिळतो. माझे मत विचाराल, तर सुरुवातीची दोन वर्षे, पगार थोडा कमी असला तरी, जेथे तुमच्या मसुद्यावर कोणी लाल शाईने खुणा करील, तेथे काढा. केवळ शोधअहवाल लिहीत पाच वर्षे गेली, तर क्लेम लिहिण्याचे धाडस नंतर होत नाही.

मुलाखतीला लेखनाचा नमुना मागतात. जुन्या प्रयोगशाळेतील अप्रकाशित काम किंवा आधीच्या अशिलाचा मसुदा चुकूनही दाखवू नका. एखादा प्रसिद्ध झालेला शोधनिबंध निवडून त्यावर सरावाचे क्लेम लिहा आणि तसे स्पष्ट सांगा.

आपले अर्ज पेटंट कार्यालयाच्या मुंबई शाखेत, अँटॉप हिल येथे जातात. दाखल करणे ऑनलाइन असते आणि सुनावणी बहुधा दृक्‌श्राव्य माध्यमातून होते, त्यामुळे पुण्यात राहून पूर्ण वेळ हे काम करता येते.

८. एलएलबी करावे का?

नियंत्रकापुढील कामासाठी गरज नाही. परंतु बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यापासून नियंत्रकाच्या आदेशांवरील अपिले उच्च न्यायालयात जातात आणि तेथे उभे राहायला वकील लागतो. म्हणून दोन-तीन वर्षे काम करून आवड पक्की झाली की तीन वर्षांचा अभ्यासक्रम जरूर करावा. सीईटी द्यावी लागते आणि ७० टक्के हजेरीची अट असते, तेव्हा नोकरीच्या ठिकाणी आधीच बोलून घ्या. एक नियम मात्र लक्षात ठेवा: सनद घेतलेल्या वकिलाला पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. कंपनीच्या विभागात रुजू व्हायचे असेल, तर सनद स्थगित करावी लागते.

९. जैविक शोधांतील सापळे

पहिला सापळा प्रसिद्धीचा. परिषदेतील पोस्टर, शोधनिबंध आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढवलेला प्रबंध यांमुळे नावीन्य जाते. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध किंवा ठरावीक प्रदर्शने अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. शास्त्रज्ञाला पहिला प्रश्न 'हे कोठे सांगितले आहे का?' असाच विचारा.

दुसरा सापळा जैविक नमुन्याचा. सूक्ष्मजीव शब्दांत पुरेसा वर्णन करता येत नसेल आणि लोकांना उपलब्ध नसेल, तर तो बुडापेस्ट करारानुसार मान्य संस्थेत, अर्ज दाखल होण्याच्या तारखेपर्यंत, जमा करावा लागतो. अशी एक संस्था पुण्यातच आहे: राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र. जैविक सामग्रीचा स्रोत आणि भौगोलिक उगमही स्पेसिफिकेशनमध्ये लिहावा लागतो. तो लपवला किंवा चुकीचा लिहिला, तर मिळालेले पेटंट रद्द होऊ शकते. 'सोलापूर जिल्ह्यातील' असे दोन शब्द विसरण्याची किंमत एवढी मोठी आहे.

तिसरा सापळा जैवविविधता कायद्याचा. २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली असून भारतीय जैविक संसाधनावर आधारित शोधासाठी भारतीय अर्जदाराने पेटंट मंजूर होण्यापूर्वी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. परदेशी अर्जदारांना पूर्वमान्यता लागते. संशोधकांना हा कायदा बहुधा ऐकूनही माहीत नसतो. अनुक्रमांची यादीही १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर लागू झालेल्या एसटी.२६ या एक्सएमएल स्वरूपात करायला शिका. आणि भारतात राहणाऱ्या शोधकाचा अर्ज प्रथम परदेशात दाखल करायचा असेल, तर कलम ३९ ची परवानगी घ्या, किंवा आधी भारतात दाखल करून सहा आठवडे थांबा.

चौथा सापळा मी स्वतः अनुभवला आहे. एका संशोधन गटाचा अर्ज मी घाईने पूर्ण केला. प्रथिन उष्णतेत टिकते, असे क्लेममध्ये होते. त्याचा आलेख मात्र स्पेसिफिकेशनमध्ये नव्हता. प्रयोग झाला होता, आकडे विद्यार्थ्याच्या वहीत होते, आणि मी ते मागितले नव्हते. परीक्षण अहवालात आधार विचारला गेला, तेव्हा कलम ५९ ची आठवण झाली: दाखल झाल्यानंतर दुरुस्ती करता येते, पण मूळ दस्तऐवजात नसलेली नवी माहिती त्यात घालता येत नाही. तो क्लेम आम्हाला काढावा लागला. तेव्हापासून मसुदा पूर्ण होण्यापूर्वी मी प्रयोगशाळेत जाऊन बसते, वह्या मागते, आणि फसलेले प्रयोगही पाहते, कारण क्लेमची हद्द कोठे थांबवायची हे पुष्कळदा फसलेल्या प्रयोगातच लिहिलेले असते. तात्पुरता अर्ज दाखल केल्यावर पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी १२ महिने मिळतात. त्यांतील पहिल्याच महिन्यात शास्त्रज्ञाला उरलेल्या प्रयोगांची लेखी यादी द्या, आणि सहाव्या महिन्यात ती पुन्हा विचारा.